तिसरा हातमोजा

१

वर्ष परवा संपलं होतं. वरचा एक दिवस काल.

नवरा गेला की एक वर्ष आणि एक दिवस बाईला कुणी लग्नाचं विचारत नाही, असा या मुलखाचा कायदा. तेवढे दिवस सरले की मात्र विचारतात, आणि ते विचारणं म्हणजे हुकूमच. जिच्या नावावर गढी आहे तिने नवरा करायलाच हवा. कारण गढीमागे मुलखाच्या धन्याला, काउंटाला, घोडेस्वार द्यायचे असतात, आणि बाईच्या मागून घोडेस्वार चालत नाहीत असं पुरुषांनी आपसांत ठरवून टाकलंय. तिघांना तिच्या पुढे ठेवतात आणि त्यांतला एक निवड म्हणतात. नाही निवडला तर गढी जाते. याला ते बाईचा अधिकार म्हणतात.

तर त्या सकाळी खर्नूबच्या गढीत हेलवीसबाई नेहमीसारख्या सदरेवर बसल्या होत्या. खुर्ची त्यांच्या वडिलांची. बसलं की तिचा उजवा हात एकदाच कुरकुरायचा. आठ वर्षं त्या खुर्चीत त्यांचा नवरा आन्सो बसला होता आणि हेलवीस खांबाआडच्या बाकावर. गढी तिच्या बापाची, नाव तिचं, आणि बसणारा हा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. तिचा शिक्कासुद्धा आठ वर्षं त्याच्या पेटीत पडून होता. आता तो तिच्या कमरेला, निळ्या फितीला बांधलेला असायचा. लांबगोल पितळी शिक्का, त्यात हातावर ससाणा घेतलेली बाई कोरलेली. ती न्हायला बसायची तेवढाच तो अंगावरून उतरायचा.

येत्या हंगामात ऑलिव्हच्या घाण्यावर पहिली पाळी कुणाची, यावरून दोन भाऊ भांडत आले होते. हेलवीसने दोघांचं ऐकलं, धाकट्याला पाळी दिली, थोरल्याला गप्प बसवलं आणि कागदावर हिरव्या मेणात शिक्का दाबला. तो उचलल्यावर तिने जरा वाकून पाहिलं. मेणातल्या बाईच्या तोंडावर पांढरे कण होते.

"हे मेण कुठलं आणलंस?" तिने वर्दाला विचारलं.

वर्दा तिची दाई. इथलीच, डोंगरातली. हेलवीसला तिने अंगावर पाजलं होतं, त्यामुळे माणसांत ती बाईसाहेब म्हणायची आणि दोघीच असल्या की पोरी.

"नेहमीचंच की. वाळू पडली असेल, बाईसाहेब. वारा बघा कसा सुटलाय."

वाळू पांढरी नसते. पण तेवढ्यात वेशीवरचं शिंग वाजलं आणि मेण राहून गेलं.

हेलवीस खिडकीशी गेली. खालच्या रस्त्यावर काउंटाचे दूत येत होते. रीतीप्रमाणे तीन, तीन घोड्यांवर. घोडामैदान जवळ आलं होतं, पण तिला फारशी धाकधूक नव्हती. तिची मावसबहीण काउंटिणीच्या महालात असे, आणि तिचा निरोप आठवड्यापूर्वीच आला होता. तिघांत एक बर्त्राँ आहे. वय सत्तर, गुडघे गेलेले, त्रिपोलीचा समुद्र सोडून डोंगर चढायचा नाही. दगडापेक्षा वीट मऊ. त्याच्याशी लग्न लावायचं, त्याला तिकडे बंदरात मासे खात बसू द्यायचं आणि इथे खुर्चीत आपण बसायचं.

ती वळली तेव्हा वर्दा हात धुवायची तस्तं मांडत होती. एक, दोन, तीन, चार.

"चौथं कुणाचं?"

"मागून चालत येतायत ना एक," वर्दा म्हणाली. "पायी."

हेलवीसने पुन्हा खिडकीतून पाहिलं. तीन घोडे. मागे नुसती धूळ. वर्दाच्या डोळ्यांत दोन वर्षांपासून पडदा येत होता, हे तिला ठाऊक होतं.

२

दूतांचा पुढारी रोआर नावाचा जाडजूड गृहस्थ होता. घामाने निथळत होता, पण बोलणं तोंडपाठ. त्याच्या दोन्ही बाजूंना दरबारचे दोन म्हातारे साक्षीदार, ते फक्त मान हलवायला आलेले.

"बाईसाहेब, काउंटांच्या वतीने तीन सरदार आपल्यापुढे ठेवतो," रोआर म्हणाला. "तीनदा विचारीन. आत्ता एकदा, जेवण झाल्यावर एकदा आणि दुपारच्या घंटेला शेवटचं. घंटेच्या आत ज्याचा हातमोजा आपण उचलाल तो आपला धनी."

त्याने कातडी पिशवीतून एकेक हातमोजा काढून टेबलावर ठेवला. या डोंगरपट्ट्यात नवरदेव असेच येतात. माणूस घरी आणि उजव्या हाताचा मोजा पुढे.

"हे बर्त्राँ, त्रिपोलीचे." मऊ, पिवळट, वापरून थकलेला मोजा. हेलवीसला तो बघूनच बरं वाटलं.

"हे गार्न्ये, काउंटांचे पुतणे." नवा कोरा, सोन्याच्या धाग्याचा. गार्न्येही गुणाने तसाच, नुसता झगमगाट.

तिसरा मोजा त्याने ठेवला आणि नाव घेतलं नाही.

"आणि हे?"

"हे स्वतः आलेत, बाईसाहेब. हजर माणसाचं नाव दूताने घ्यायचं नसतं, रीत आहे. घंटेला ते स्वतःच सांगतील."

रीत होती खरी. तिनेही ऐकली होती. पण मनात शंकेची पाल चुकचुकली. तिने मोज्याकडे नीट पाहिलं.

तपकिरी जाड कातडं, घोडेस्वाराचं. अंगठ्याच्या मुळाशी फाटलेलं आणि शिवलेलं. शिवण लाल दोऱ्याची होती, कारण त्या दिवशी घरात तपकिरी दोरा नव्हता. त्यावरून आन्सो चार माणसांत हसला होता. "माझ्या बायकोला रंग कळत नाहीत, आणि म्हणे गढी सांभाळीन." टाका तिचा होता. शेवटची गाठ ती नेहमी दुहेरी मारायची, ती गाठही होती.

आणि मोजा डाव्या हाताचा होता.

"निवडता का, बाईसाहेब?" रोआरने पहिल्यांदा विचारलं.

"आधी जेवा," ती म्हणाली. "एवढं ऊन चढून आलात."

३

भुतावर विश्वास ठेवायला हेलवीस काही दुधखुळी नव्हती. बापाविना गढीत राहिलेल्या बाईला माणसांचीच भीती पुरते. ती विचार करू लागली आणि दोन पावलांत तिला तिबो सापडला.

तिबो म्हणजे धाकटा दीर. आन्सो तापाने पडला त्याच आठवड्यात दोघे भाऊ तिला काउंटाच्या दरबारी नेणार होते. तिने भर दरबारात सांगायचं, की गढी मी राजीखुशीने दिराच्या नावे करते. सगळं ठरलं होतं. आन्सो जगता तर ती आज कुठल्यातरी मठात वाती वळत बसली असती. तो मेला आणि ती वाचली.

आता तिबोचा डाव तिला लख्ख दिसला. भावाचा मोजा मिळवायचा, चेहरा झाकून यायचं. ती किंचाळली की बाई वेडी झाली म्हणायचं. वेड्या बाईला गढी ठेवता येत नाही. बरं, ती गप्प राहिली आणि बर्त्राँचा मोजा उचलला, तर पुढे येऊन म्हणायचं, आन्सो जिवंत आहे, हा त्याचा मोजा, या बाईने नवरा असताना दुसरा केला. तरीही गढी गेली. डाव चांगला होता. मनातल्या मनात तिने त्याला दादही दिली.

फक्त एक गोष्ट बसत नव्हती. तो मोजा तिने आन्सोबरोबर पुरला होता.

दूत आतल्या सोप्यात भाकरी, अंजीर आणि बर्फात गार केलेली दारू यांच्यावर तुटून पडले होते. सदर रिकामी होती. हेलवीस टेबलाशी गेली. निवडणाऱ्या बाईखेरीज मोज्यांना कुणी हात लावायचा नसतो, म्हणून नोकर दाराबाहेर उभे होते.

पहिल्या दोन मोज्यांची बोटं चापट पडली होती. तिसऱ्याची किंचित वळलेली दिसली. मघाशी तशी होती का? कातडं उन्हाने आखडतं, सगळ्यांना ठाऊक आहे. पण ऊन अजून टेबलावर आलं नव्हतं. ते खिडकीच्या दगडावरच होतं.

तिने बर्त्राँच्या मोज्याला बोट लावलं. गार. गार्न्येच्या मोज्याला लावलं. गार.

तिसऱ्याला लावलं आणि हात मागे घेतला. मग स्वतःवरच चिडून पुन्हा लावला. मोजा उबदार होता, नुकताच कुणी हातातून काढून ठेवावा तसा.

४

प्रार्थनाघर सदरेमागेच होतं. आन्सोच्या थडग्यावरची शिळा जागच्या जागी होती. शिळेच्या कडेने चुना भरला होता आणि चुन्यात, डोक्याच्या बाजूला, तिच्या शिक्क्याचा ठसा होता. वर्षापूर्वी आन्सोच्या पेटीतून शिक्का काढून तिने पहिल्यांदा वापरला तो इथेच. ससाणा, बाई, सगळं शाबूत. शिळा कुणी हलवली असती तर ठसा फुटला असता. म्हणजे मोजा इथून गेला नव्हता. तिला हायसं वाटलं.

खात्रीसाठी तिने चुन्यावर नख ओढलं. नख रुतलं. चुना ओला होता.

ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. मग तिने कमरेचा शिक्का हातात घेऊन उजेडात धरला. कोरलेल्या बाईच्या चेहऱ्यात, ससाण्याच्या पंखांत पांढरं काहीतरी भरलं होतं. सकाळच्या मेणातली वाळू.

"वर्दा," तिने हाक मारली. वर्दा दारातच होती. "मी न्हायला बसते तेव्हा शिक्का कुणाकडे असतो?"

"माझ्याकडे. दुसऱ्या कुणाकडे देणार?"

"काल कुणाला दिलास? तिबोने काय कबूल केलंय तुला?"

वर्दाने तिच्याकडे पाहिलं, मग चुन्याकडे. तिचा चेहरा पडला.

"काल तू न्हालीसच कुठे, पोरी? शोकाचा शेवटचा दिवस होता. अंगावर पाणी घ्यायचं नसतं. शिक्का तुझ्याच कमरेला होता, दिवस आणि रात्र. म्हातारीवर आळ घेतेस, घे. पण आधी आठवून बघ."

ते खरं होतं. हेलवीसला खजील व्हायला वेळ नव्हता.

"आन्सोला तूच आवरलंस. दोन्ही मोजे घातले होतेस ना?"

वर्दाने शिळेवरून हात फिरवला.

"सांग."

"उजवा घातला. डावा घालता येईना. हात मिटला होता."

"मेलेल्याचे हात ताठ होतातच."

"ताठ नव्हता," वर्दा म्हणाली. "मिटत होता. मी बोटं उघडायची, तो पुन्हा मिटायचा. तुला बोलवायला आले होते मी. अंग कोमट आहे म्हटलं. पाद्रीबाबा त्रिपोलीहून उद्या येतील, तोवर थांबू म्हटलं. तू काय म्हणालीस?"

हेलवीसला आठवत होतं. ती म्हणाली होती, ऊन आहे म्हणून कोमट लागतं. उन्हाळ्याचे दिवस आहेत, माणूस टिकत नाही, झाकण लावा. तेव्हा तिने आन्सोच्या नाकापुढे आरसा धरला नव्हता. धरावासा वाटला नव्हता, हे जास्त खरं. पहाटे खिळे ठोकले, सकाळी चुना भरला आणि दुपारी ती खुर्चीत जाऊन बसली.

"मग डावा कुठे ठेवलास?"

"त्यांच्या छातीवर. शवपेटीतच."

५

वेशीवरचा पहारेकरी सर्किस साधा माणूस होता आणि माणसं मोजण्यात कधी चुकत नसे. त्याचं कामच ते.

"तीन आले, बाईसाहेब. तीन घोडे, तीन माणसं."

"आणि पायी आलेला?"

"त्यांना दार उघडावं नाही लागलं." तो डोकं खाजवत म्हणाला. "ते सकाळी आतूनच बाहेर गेले ना. डोक्यावरून कापड घेतलेलं. मला वाटलं, पाहुण्यांना सामोरं जायला तुम्हीच कुणाला धाडलंत. मग त्यांच्या घोड्यांमागून परत आले."

"आतून म्हणजे कुठून?"

"प्रार्थनाघराकडून."

"आता कुठे आहेत?"

"आतच असतील की. विचारलं, वाट दाखवू का? तर नुसती मान हलवली. घर ओळखीचं असल्यासारखे गेले सरळ."

हेलवीसने सर्किसला दोन माणसं घेऊन गढीची प्रत्येक खोली बघायला लावली. धान्याची कोठारं, पाण्याचं टाकं, तबेला, तिचं शयनघर, पलंगाखालीसुद्धा. तिबो नव्हता. कुणीच नव्हतं. सर्किस परत आला तेव्हा त्याच्या तोंडावरचा साधेपणा जरा कमी झाला होता.

"सदर तेवढी नाही बघितली," तो म्हणाला. "तिथे मोजे आहेत, आम्हाला मनाई."

६

ती सदरेवर आली तेव्हा रोआर आणि साक्षीदार टेबलापलीकडे उभे होते. दुसऱ्यांदा विचारून झालं होतं. त्याला तिने "घंटेला सांगते" एवढंच उत्तर धाडलं होतं. ऊन आता सरकत टेबलाच्या कडेला पोचलं होतं.

ती खुर्चीत बसली. खुर्चीचा हात कुरकुरला. बसता बसता तिला वाट सापडली, आणि ती इतकी सोपी होती की तिला हसू आलं. सकाळपासून ती भीतीच्या नादाने थडगी उकरत होती आणि कायदा समोर टेबलावर पडला होता.

रोआर घसा खाकरून म्हणाला, "बाईसाहेब, तिसऱ्यांदा आणि शेवटचं विचारतो. कुणाला निवडता?"

"कुणालाच नाही."

साक्षीदारांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहिलं.

"मग गढी..."

"थांबा, रोआर. रीत तुम्हीच सांगितलीत, आता ती माझ्याकडूनही ऐका." हेलवीस उठून टेबलाशी आली, खुर्चीकडे पाठ करून. "नवरदेवाचा मोजा उजव्या हाताचा असतो. हात देतो म्हणून उजवा. हा तिसरा डावा आहे. डाव्या हाताने मागणी होत नाही. म्हणजे तुम्ही माझ्यापुढे तीन पुरुष ठेवलेच नाहीत, दोन ठेवलेत. मागणी अपुरी आहे, रद्द आहे. काउंटांना सांगा, नवे तीन शोधा. शोधायला पुन्हा एक वर्ष आणि एक दिवस. कायदा त्यांचाच आहे, माझ्या बापाचा नाही."

दोन्ही म्हाताऱ्यांनी मोज्याकडे पाहिलं आणि सावकाश मान हलवली. तिच्या बाजूने हलवली. हेलवीसच्या छातीतलं सकाळपासूनचं ओझं उतरलं. तिबो असो, कुणी असो, त्याने आता खुशाल पुढे यावं.

रोआरचं लक्ष मात्र मोज्याकडे नव्हतं. तो तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. घाबरून नव्हे. हुद्द्याने मोठ्या माणसाकडे बघावं तसा, अदबीने.

"मीही हेच विचारलं होतं, बाईसाहेब," तो म्हणाला. "डावा का देता म्हणून. ते म्हणाले, उजवा मी घातलाय."

तिच्या मागे खुर्चीचा हात कुरकुरला. एकदाच.

दुपारची घंटा वाजायला लागली.

हेलवीस वळली नाही. ती मोजू लागली, कारण घंटेचे टोले संपेपर्यंत वेळ तिचा होता, तोही कायदा होता. बर्त्राँचा मोजा तिच्या हातापासून वीतभर दूर पडला होता. तो उचलला तर निवड होईल, बाकी सगळं नंतर बघता येईल. तिने हात पुढे केला. तेवढ्यात कमरेशी काहीतरी हललं म्हणून तिने खाली पाहिलं.

तपकिरी कातड्यातला उजवा हात मागून तिच्या कमरेला वळसा घालून आला होता. कातड्याच्या शिवणींत चुना होता. निळ्या फितीची गाठ तो सोडत होता, घाई न करता. आठ वर्षं रोज शिक्का पेटीत ठेवला होता, त्याच सवयीने.

साक्षीदारांनी नजर वळवली. नवरा-बायकोच्या मध्ये बघू नये, अशी रीत आहे.

गाठ सुटली. शिक्क्याचं वजन कमरेवरून गेलं. तो हात तिच्या अंगाला घासून मागे गेला, आणि कपड्यातूनही तिला त्याची ऊब लागली.

"ऊन आहे," हेलवीस म्हणाली. कुणी काही विचारलं नव्हतं. "उन्हाळ्याचे दिवस आहेत, म्हणून."

मग घंटा थांबली. खांबाआडचा बाक तिच्यासाठी कुणीतरी पुसून ठेवला होता.